भरतीच्या वाटेवरचा ताना

कवडू कोष्टी आणि त्याची बायको देवकी मालवणच्या बंदरात उतरली, तेव्हा देवकीच्या पोटात अन्नाचा कण उरला नव्हता आणि डोक्यात एकच विचार होता, की या माणसाशी आता जन्मात बोलायचं नाही. नागपूर ते मुंबई आगगाडी तिने निमूट सोसली. आगबोटीने मात्र तिचा जीव नकोसा केला. "पाय ठेव, जमीन आहे," असं कवडूने धक्क्यावर सांगितलं, तरी तिला ती जमीन डुलतानाच दिसत होती.

हे सगळं वामनरावांमुळे झालं. वामनराव मालवणचे कापडवाले. नागपूरच्या इतवारीत त्यांनी कवडूच्या हातचं रेशीमकाठी लुगडं पाहिलं आणि तिथेच त्याचा हात धरला. मालवणला चल, माग मांडून देतो, पहिलं लुगडं मनासारखं उतरलं की आणखी माग घालू आणि तुला इथेच घर देऊ, असं म्हणाले. कवडूचा थोरला भाऊ दादाजी हे ऐकून भर आळीत हसला. "महिन्याभरात तोंड पाडून वापस येशीन गा!" कवडूचं डोकं फिरलं. "आलो तर नाव कमावूनच येईन, नाही तर येणार नाही," असं तो ओरडून बोलला. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण अख्ख्या आळीने ते ऐकलं होतं, त्यामुळे ते वाक्य त्याच्या गळ्यातच पडलं.

"मले घरी न्या," देवकी दुसऱ्याच दिवशी म्हणाली.

"हा एक ताना होऊ दे," कवडू म्हणाला. "मंग पाहू."

म्हणजे सगळं त्या एका तान्यावर, मागावर चढवायच्या त्या उभ्या धाग्यांवर, येऊन ठेपलं. नागपूरहून स्वतःचं बारीक सूत कवडूने बरोबर आणलं होतं, त्याचंच पहिलं लुगडं व्हायचं होतं. ते चांगलं उतरलं तर दोघं कायमची इथली. बिघडलं तर वामनरावच हात जोडतील आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने परत पाठवतील. देवकीला एवढं लख्ख कळत होतं. बाकी या गावातलं तिला काहीच कळत नव्हतं.

पहिला घोळ समुद्रानेच घातला. संध्याकाळी तिने तो माडांच्या पायाशी आलेला पाहिला आणि सकाळी घागर घासायला वाळू आणावी म्हणून गेली, तर समुद्र जागेवर नाही! पार तिकडे लांब, रेघेसारखा. मधे नुसती ओली, सपाट जमीन. आपण वाट चुकलो असं समजून ती माघारी फिरली, पुन्हा घरापासून नीट निघाली आणि पुन्हा तिथेच आली. नागपूरचा शुक्रवारी तलाव कसा, तुम्ही केव्हाही जा, आपल्या जागी असतो. हे कसलं पाणी, जे रात्रीतून उठून जातं?

"पाणी कुठं गेलं वं?" तिने वाळूत जाळं झटकणाऱ्या एका बाईला विचारलं.

ती बाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली, की लांबच्या बायकाही काय झालं म्हणून बघायला आल्या. तिचं नाव येसू. जातीची गाबतीण, धंदा मासळीचा, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं गिऱ्हाईक वळावं. "खंयची गो तू?" तिने विचारलं. नागपूर म्हणताच तिने आणखी विचारलं, "थंय समुद्र नाय?" नाही म्हटल्यावर तिला देवकीची मनापासून कीव आली. पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं, हे तिने हातवारे करून समजावलं. देवकीने मान डोलावली. समजलं अर्धंच. काहून येतं आणि काहून जातं, हे येसूलाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून देवकीचा पाय घरात ठरेना. कवडू दिवसभर वामनरावांच्या कोठीत खुंट्या ठोकत, सूत उकलत बसायचा, तेही समुद्राकडे पाठ करून. ती पाण्याचं निमित्त काढून निघायची ती धक्क्यावर. बोट लागली की नुसता कल्लोळ. हमाल, नारळाच्या राशी, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या गळ्यात पडून रडणारी आई. मासळीच्या बाजारात तर कोण भांडतंय आणि कोण भाव ठरवतंय, हेच तिला कळायचं नाही, कारण दोन्हीचा सूर एकच. पाण्यातल्या किल्ल्याकडे बघून तिला रोज नवा प्रश्न पडायचा. लोक तिथे राहतात, मग सकाळी ज्वारी दळायला कुठे जातात? इथे ज्वारीच नाही, हे तिच्या ध्यानातच येत नसे.

एकदा रापण ओढायला माणसं कमी पडली. रापण म्हणजे गावभर पुरेल एवढं जाळं, आणि ते किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं. येसूने काही न विचारता दोर देवकीच्या हातात दिला. तळहात सोलून निघाले. जाळं वाळूवर आलं, बांगडे तडफडायला लागले आणि सगळ्यांबरोबर देवकीही ओरडली. काय ओरडली ते तिलाही माहीत नाही. तिला फार आनंद झाला, आणि तो झाला म्हणून ती घरी येईपर्यंत घाबरलेली होती.

कारण आता पंचाईत अशी, की रोज संध्याकाळी ती नवऱ्यापुढे रडत होती. ती थांबली असती तर तो काय म्हणाला असता? म्हणून रडायची वेळ झाली की ती रडायची, पण पूर्वीसारखं लक्ष लागायचं नाही.

"आळीची आठवण येऊन राहिली ना वं तुले?" कवडू विचारायचा.

"हो."

"आता गल्लीत पाजणी चालू असंन. मारोतराव कुंचा घेऊन उभा असंन, अन् पोरायले शिव्या देत असंन." मग तो आळीतल्या त्या मारोतरावाच्या शिव्या सांगायचा, लिंबाची सावली कोणाच्या ओट्यापर्यंत येते ते सांगायचा. बोलतच राहायचा. आपल्या समाधानासाठी बिचारा एवढा बोलतो, असं देवकीला वाटायचं, आणि आपण फसवतोय म्हणून तिला लाज वाटायची. मला घरी जायचंय की नाही? ती स्वतःला विचारायची. सकाळी एक उत्तर यायचं, संध्याकाळी दुसरं.

शेवटी पाजणीचा दिवस आला. पाजणी म्हणजे तान्याला खळ लावून, कुंचा फिरवून, तो ताणून वाळवायचा. नागपुरात त्यासाठी अख्खी गल्ली असते. मालवणच्या वाटा माडामाडांतून वळत जातात, तिथे ताना सरळ मावेल कसा? देवकी सकाळी येसूबरोबर बाजारात गेली ती याच काळजीत.

परत येताना तिने किनाऱ्याकडे पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवली. समुद्र लांब गेला होता. त्या ओल्या, सपाट जमिनीवर कवडूने बांबूच्या कात्रीसारख्या घोड्या रोवून ताना ताणला होता. एक टोक माडांपाशी, दुसरं थेट पाण्याच्या दिशेने. आणि लांबची ती रेघ आता लांब राहिली नव्हती.

"गो बाय!" येसू किंचाळली. "पाणी इला! तुझो घोव खुळो झालो की काय?"

देवकी जागीच उभी राहिली. तोंडातून एक शब्द काढला नाही, तर हा ताना जाईल, आणि शेवटची बोट, आणि घर, आई, आळी, ज्वारीची भाकर, सगळं मिळेल. नवऱ्याच्या भोळेपणाचा दोष तिच्यावर येणार नाही. हेच तर ती दुसऱ्या दिवसापासून मागत होती. पाण्याची पहिली जीभ शेवटच्या घोडीला लागली, तेव्हा तिने पदर खोचला आणि धावत सुटली.

"उचला वं! उचला!" ती ओरडत होती. येसू धावली, बाजारच्या बायका धावल्या. विणकाम ठाऊक नव्हतं, पण भिजणारी लांब वस्तू पाण्यातून कशी काढायची, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. खांद्याखांद्यावर घेऊन त्यांनी ताना माडांखाली आणला. समुद्राकडच्या टोकाची खळ धुऊन गेली होती. बाकी सगळा वाचला.

कवडूने हात लावला नव्हता. तो बाजूला उभा राहून पाहत होता.

"पाणी वापस येते, हे कोणी सांगितलं नाही तुमाले?" देवकीला धाप लागली होती. "काठाकाठानं केवढी जागा पडली आहे, अन् तुमी पाण्याच्या तोंडात ताना लावला?"

"मले माहीत होतं," कवडू म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"रातभर झोप कुठं लागते मले? जवळ येते, दूर जाते, जवळ येते, दूर जाते. मी का बहिरा आहो?" त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "काहून ओढला वं तू? जाऊ द्यायचा होता."

देवकीला आधी राग आला. मग वाटलं, हा आपल्यासाठी, आपल्या रोजच्या रडण्यासाठी हातचा ताना बुडवायला निघाला! कोष्ट्याच्या पोराने! आता खरं सांगूनच टाकावं, की मी इथे राहते, मला हे गाव आवडायला लागलंय, रडणं खोटं आहे. ती बोलणार तोच तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. आणि मारोतरावाच्या शिव्या, लिंबाची सावली, ते रोजचं बोलणं कोणासाठी होतं, हे तिला आत्ता कळलं. इतके दिवस आठवण त्याला येत होती. रडायचं काम तेवढं तिच्याकडे होतं.

"हे लुगडं विणून टाका," ती हळूच म्हणाली. "वामनरावाले देऊ. मंग शेवटच्या बोटीनं जाऊ."

"दादाजी काय म्हणंल?"

देवकीने खोचलेला पदर सोडला.

"तुले करमलं नाही म्हणून आलो, असं सांगू ना वं?" कवडूने घाईघाईने विचारलं. "तुलेच करमत नाही ना इथं?"

मागे येसू तान्यातली वाळू झटकत होती आणि उद्याच्या रापणीला लवकर ये, म्हणून बजावत होती. देवकीने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिच्या डोक्यातला गोंधळ पहिल्यांदाच थांबला होता. आपल्याला इथेच राहायचं आहे, हे तिला नीट कळत होतं.

"हो," ती म्हणाली. "मलेच करमत नाही."

कवडूने डोळे पुसले. ती खाली बसली आणि भिजलेल्या टोकातलं खारं पाणी पिळून काढू लागली.