आतले कागद

माझ्याकडे सहाशे एल.पी. आहेत, त्यातल्या चारशेवर जॅझच्या. सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या माणसाला हा नाद म्हणजे लोकांना चेष्टेचा विषय. मार्केट यार्डात माझ्या माघारी मला 'पिपाणीवाला गोमटेश' म्हणतात. म्हणेनात का! मला त्याचा रागही यायचा आणि आतून माजही चढायचा. ह्या अडाण्यांना काय कळतंय, असा. हा माज आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

रेकॉर्डच्या बाबतीत मी भलता कडक. कडेनंच धरायची, बोट लागता कामा नये. भाग्यश्री, म्हणजे माझी बायको, त्या खोलीत केर काढायला आली तरी मी दारात उभा. जुनी रेकॉर्ड घरी आली की पहिल्यांदा रेकॉर्डीच्या खास मशीनवर धुवायची, आतलं जुनं कागदी पाकीट काढून टाकायचं आणि नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालायची. कागद दमट हवेत बुरशी धरतो, रेकॉर्डवर चरे पाडतो. आमच्या शौकिनांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ह्यावर मी व्याख्यानं झोडलेली आहेत.

कोरेगावच्या नाथाजी आबांची ओळख एका गिऱ्हाइकामुळं झाली. आबा पलटणीच्या बँडमध्ये सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवायचे. कुठल्याशा छावणीतल्या बँडमास्तरनं त्यांना जॅझ ऐकायला शिकवलं. जिथं बदली होईल तिथल्या जुन्या बाजारातनं ते रेकॉर्डी घ्यायचे, सुट्टीवर येताना ट्रंकेत कपड्यांच्या घडीत घालून आणायचे आणि घरी आल्यावर बायकोला, अंबूबाईंना, शेजारी बसवून लावायचे. अशा चाळीस रेकॉर्डी. मी पाहिल्या आणि लाळ गळायची बाकी राहिली. पण सगळ्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके पडलेले. अंबूबाई दिवाळीच्या आधी गेल्या होत्या, तेव्हापासून रेकॉर्डींची पेटी उघडलीच नव्हती.

"आबा, द्या माझ्याकडं. धुऊन नव्यासारख्या करून आणून देतो," मी म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो.

आबांनी एकेक कव्हर माझ्या हातात दिलं. म्हणाले, "शेठ, आतलं कागद लय जुनं हाईत. जरा जपून काढा."

मी "हो हो" म्हणालो आणि डिकी लावली.

घरी आल्यावर कागद काढायला लागलो तर प्रत्येकावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. वर तारीख, 'सुट्टी' असा शब्द, आणि खाली 'अंबू म्हणाली' असं घालून दोन-दोन ओळी. रेकॉर्ड ऐकून बायको जे बोलली ते आबांनी तसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं. एका घोगऱ्या गाणारणीच्या पाकिटावर होतं, 'हिचा घसा बसलाय. हळद-दूध द्या म्हणावं कुणीतरी.' एका पाच जणांच्या बँडवर होतं, 'ह्यात कुणीच कुणाचं ऐकत न्हाई, तरी भांडण हुईना. आपल्या भावकीला ऐकवा एकदा.' मी खदाखदा हसलो. भाग्यश्रीला हाका मारून वाचून दाखवले. तिलाही हसू आलं, पण ती म्हणाली, "किती छान बोलायच्या हो."

म्हणजे मी वाचलं होतं. मला कळत नव्हतं, बुरशीच्या नादात गेलं, असं म्हणायची सोय मला नाही.

एका सॅक्सोफोनवाल्याच्या पाकिटाचा मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यावर होतं, 'हा बाबा सारखा निघतोय आणि परत येतोय. घरात काय इसरलंय त्याचं?' खाली मी लिहिलं, 'आमच्या कोरेगावच्या थोर जॅझ समीक्षक! म्हशीचं दूध काढता काढता ऐकत असणार.' पुण्या-मुंबईच्या लोकांनी हसून हसून पिवळ्या तोंडांची रांग लावली. मला काय ते बरं वाटलं!

आणि मग सवयीनं चाळीसच्या चाळीस कागद गोळा केले आणि मागच्या अंगणातल्या बंबात घातले. आमच्याकडं अजून बंबावरच पाणी तापतं. दोन दिवस त्या पाण्यानं मी अंघोळ केली.

रेकॉर्डी चकाचक करून आबांना पोचवल्या तेव्हा ते झोपले होते. त्यांची मुलगी दीपमाला शाळेत शिक्षिका आहे, तिनं पेटी घेतली, चहा दिला. मी ऐटीत परत आलो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

"काका, आतले कागद कुठं आहेत?"

"आहेत की," मी म्हणालो. "वाळत घातलेत. बुरशी होती ना."

हे का बोललो ते मला अजून सांगता येत नाही. एकदा बोललो आणि बसलो अडकून. पुढच्या आठवड्यात म्हणालो, गोदामात ठेवलेत. त्यापुढं म्हणालो, हळदीचा सीझन आहे, सवडीनं शोधतो. साठीला आलेला माणूस, रोज मंदिरात जाणारा, आणि एका पोरीला फोनवर थापा मारत होतो. तिचं नाव मोबाईलवर दिसलं की मी फोन उलटा करून ठेवायचो.

शेवटी तिनं एक निरोप पाठवला. 'काका, आबांना आता नीट दिसत नाही. रोज एक कव्हर घेतात, आत हात घालतात, प्लॅस्टिक लागलं की ठेवून देतात. रेकॉर्ड लावत नाहीत. आईचा एक फोटो आहे, पण तिचं बोलणं कुठंच नाही, त्या कागदांवरच होतं. सगळे नकोत. एक मिळाला तरी चालेल.'

भाग्यश्रीनं तो माझ्या हातातून घेऊन वाचला. "एक आहे ना तुमच्याकडं," ती म्हणाली. "ग्रुपवर हसायला टाकला होता तो." मी पाठ फिरवून एक कव्हर पुसायला घेतलं. "तोंड काय लपवताय? जावा आणि द्या."

मी गेलो, पण तिथंही हुशारी केलीच. ग्रुपवरनं नुसता फोटो उचलला, मोठा करून छापून घेतला, वर काच आणि लाकडी चौकट. कऱ्हाडवरनं कोरेगावला पोचेपर्यंत पाठ केलं होतं, काय बोलायचं ते. बुरशीनं कागद गळून गेले, हा एक तेवढा वाचला.

आबा घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. पाठ केलेलं दोघांपुढं म्हणून टाकलं आणि चौकट मांडीवर ठेवली तर त्यांनी काचेवरनं बोटं फिरवली. दीपमालानं वाचलं, "हा बाबा सारखा निघतोय आणि परत येतोय. घरात काय इसरलंय त्याचं?"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "व्हय! अशीच म्हणाली व्हती! मी दुसऱ्या दिशी डूटीवर निघालेलो, आन् पैशाचं पाकीट इसरलं म्हणून फाट्यावरनं माघारी आलो. तर दारात हुबी. म्हणती, तुमी बी त्यातलंच." डोळे पुसत म्हणाले, "वाच गं अजून एकदा."

तिनं वाचलं. मला वाटलं, सुटलो बाबा.

मग दीपमालानं चौकट उलटसुलट केली. "काका, हा फोटो आहे. कागद गळून गेला तर फोटो कधी काढला?"

"आधी," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही वाचलं होतं आधी. मग एकाचाच का काढला?"

शिक्षिकेपुढं गृहपाठ न केलेल्या पोरासारखा मी उभा होतो. पाठ केलेलं तेवढ्यावरच संपलं होतं. "कागद गळले नाहीत," मी म्हणालो. "मी बंबात घातले. सगळे वाचले आणि जाळले. हा एक लोकांना हसायला पाठवला होता." आणि मोबाईल काढून तिच्यापुढं धरला.

तिनं वाचलं. तिचा चेहरा बघवेना. आबा म्हणाले, "काय लिवलंय? मोठ्यानं वाच की."

तिनं मोबाईल माझ्याच हातात परत दिला. "तुम्ही वाचा," एवढंच म्हणाली.

मी वाचलं. थोर जॅझ समीक्षक. म्हशीचं दूध. माझ्याच तोंडानं, त्या माणसासमोर. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, शिव्या देतील, हाकलून देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"अंबू चारचौघांत एक शब्द बोलायची न्हाई," ते चौकटीवर हात ठेवून म्हणाले. "म्हणायची, आपल्याला काय कळतंय, लोक हसतील. म्हणून मी लिवून आतमंदी ठेवायचो. तिला सांगायचो, अगं, ही रेकॉर्डी ऐकणारी माणसं. ती न्हाई हसायची कुणाला."