आप्पांची आडवाट

खुंटीवरची टेम्पोची किल्ली वाजली आणि मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून बाहेर आले. माझा नवरा युवराज गेल्यापासून त्या किल्लीला कुणी हात लावला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात भांड्याचासुद्धा आवाज होत नाही. सगळेजण वस्तू अशा ठेवतात, जणू आत कुणी आजारी झोपलंय.

आप्पा, माझे सासरे, टोपी घालून उभे होते. किल्ली मुठीत घट्ट.

"बॅग आनायची म्हनालतीस न्हवं बेळगावास्नं? चल. पोरीलाबी घे."

युवराज बेळगावच्या एका कारखान्यात होता, यंत्रं बसवायचा. हिवाळ्यात कंपनीनं त्याला इटलीला पाठवलं. माणूस पेटीतून आधी आला. त्याची बॅग आत्ता, उन्हाळ्यात, कारखान्याच्या पत्त्यावर पोचली होती.

टेम्पोत आम्ही तिघं बसलो. मध्ये सौम्या, माझी पोरगी, पाय गिअरला लागू नयेत म्हणून मांडी घालून. याच टेम्पोत आप्पांचं आयुष्य गेलं. निपाणीतून तंबाखूची पोती न्यायची, येताना जे मिळेल ते आणायचं: फरशा, केळी, एकदा तर लग्नाचा अख्खा बँड. हायवेला टोलनाका झाला तेव्हा आप्पांनी लगेच आडवाट हुडकून काढली. नाक्याच्या अलीकडे डावीकडे उतरायचं, उसातून, लक्ष्मीच्या देवळामागून, ओढा ओलांडून पुन्हा हायवेला लागायचं. आमच्याकडचे सगळेच टोल चुकवतात, पण ती वाट आप्पांची. तिथल्या बायका वाळत घातलेल्या मिरच्या बाजूला ओढून त्यांच्या टेम्पोला जागा करून देत. युवराज गाडी शिकला तो त्याच वाटेवर. "आमच्या घरात आजून कुनी टोल भरला न्हाय," हे पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावं लागायचं.

त्या शेवटच्या रविवारी इटलीहून युवराजचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सौम्या आप्पांच्या मांडीवर होती. दुसऱ्या दिवशी त्याला लांबच्या गावातल्या कारखान्यात जायचं होतं. त्यासाठी भाड्याची मोटार घेतली होती, आणि ती त्याला जड झाली होती.

"आप्पा, हितल्या टोलवर मानूसच न्हाय. चढताना यंत्रातनं चिठ्ठी घ्याची, उतरताना दुसऱ्या यंत्रात घालायची. काल मी भलत्याच लायनीत घुसलो, तितं चिठ्ठीच न्हाय! आता त्येचा दंड मोटारवाल्याकडं जानार, आनि त्यो माझ्या कार्डावरनं परस्पर कापनार."

"मग भांडायचं कुनासंगं?"

"त्येच की!"

"अरं, टोल हाय तितं आडवाट असतीच. हुडक की. कशाला त्या यंत्राच्या नादाला लागतोस?"

"हुडकायला कशाला पायजे? मॅपमधी 'टोल टाळा' असं बटनच हाय," युवराज हसत म्हणाला. "तुमच्यासाठीच केल्यागत."

आम्ही सगळे हसलो. सौम्यानं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती वाट डोंगरात चढली. रस्त्यावर गोठलेलं बर्फ होतं. त्याच्या कंपनीतला रघुवीर नंतर फोनवर मला म्हणाला, "वहिनी, मोठा रस्ता मोकळा होता हो. हा डोंगरातून कशाला गेला तेच कळंना."

मला कळलं होतं. घरात मी एवढंच सांगितलं, बर्फावरून गाडी घसरली. कुठल्या रस्त्यावर, ते आप्पांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. सौम्याच्या वेण्या घालताना, तिला निजवताना 'आडवाटेनं गेला' हे वाक्य ओठांशी यायचं. मी ते गिळायची आणि तिच्या केसांत तोंड खुपसून पडून राहायची.

आज नाक्याच्या अलीकडे आप्पांच्या हातानं आपसूक डावीकडचा दिवा लावला. टेम्पो हळू झाला. उसातली वाट दिसत होती, मातीत नुकतीच उमटलेली चाकंसुद्धा. आप्पांनी दिवा बंद केला आणि सरळ जाऊन रांगेत उभे राहिले.

खिडकीतला भावकू त्यांना चांगला ओळखत होता.

"आप्पा! आज वाट चुकलासा व्हय? का उसात पानी सोडलंय?"

आप्पांनी नोट पुढं केली.

"टॅग न्हाय तुमास्नी, डबल पडतंय बगा. आजूनबी मागं घ्या, मी बगितलंच न्हाय म्हनतो."

"पावती दे," आप्पा म्हणाले.

भावकूनं माझ्याकडं पाहिलं, सौम्याकडं पाहिलं. त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यानं मुकाट्यानं पावती दिली. आप्पांनी ती नीट घडी घालून टोपीत ठेवली, अंगाऱ्याची पुडी ठेवावी तशी. दांडा वर गेला.

नाका मागं पडल्यावर त्यांनी टेम्पो कडेला घेतला. इंजिन चालूच ठेवलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर काचेतून पुढं.

"दिपाली, एक इचारू?"

ते मला कधी नावानं हाक मारत नाहीत. पोरी म्हणतात.

"त्यो तितं... मोठ्याच रस्त्यानं गेलता न्हवं? टोलच्या?"

किल्ली इतके दिवस खुंटीला का होती, ते मला तेव्हा समजलं.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "मोठ्याच रस्त्यानं. टोल भरून."

त्यांनी टोपी काढून तिनंच तोंड पुसलं, बराच वेळ. पावती सौम्याच्या मांडीवर पडली.

"बरं केलं," ते पुटपुटले. "बरं केलं लेकरानं."

मग टोपी डोक्यावर बसवली आणि गिअरला हात घातला. सौम्या पावतीची घडी उलगडत होती. ती थांबली. तिनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई, पन आप्पांनीच तर फोनवर पप्पास्नी आडवाटंनं जा म्हनून सांगितलंतं. मग पप्पांनी आप्पांचं का आयकलं न्हाय?"