गणपतीच्या सुट्टीत

बादलीच्या आतल्या अंगाला, कडेच्या जरा खाली, जांभळ्या नेलपॉलिशनं लिहिलेलं 'सुमैरा'. बाहेरून लिहिलं की घासताना पुसतं, म्हणून आत. नळ सुरू होता, पाणी चढत होतं, आणि पल्लवी बघत होती – पाणी अक्षरांपर्यंत आलं म्हणजे आपल्याला काहीतरी वाटेल. आलं. अक्षरं बुडाली, किंचित हलल्यासारखी झाली, आणि बादली भरून वाहायला लागली.

"पाणी जातंय गं," शेजारच्या बाथरूममधून कुणीतरी म्हणालं.

तिनं नळ बंद केला.

स्वतःची बादली तडकली होती आणि ही रिकामी होती. ती वापरायला घेण्यात दुसरा काही विचार नव्हता… विचार असायला हवा होता का, हे तिला ठरवता येत नव्हतं. सुमैरा शुक्रवारी अंगात ताप घेऊन पाटणच्या एस.टी.त बसली. जाताना म्हणाली, खिडकी लावून घे, डास येतात. मग कुणाकडून तरी कळलं की डेंग्यू आहे, कराडला ठेवलंय. मग मिरजेला हलवलं. आणि मग एका दुपारी वर्गाच्या ग्रुपवर तिचा ओळखपत्रावरचा फोटो आला, खाली समई, बाजूला पांढरी फुलं. एकामागून एक हात जोडलेले. पल्लवीनंही हात जोडून पाठवले आणि ती मेसमध्ये गेली. त्या दिवशी पावभाजी होती. तिनं पाव परत मागून घेतले होते – त्या दिवसातलं तिला एवढंच स्वच्छ आठवतं, पावाला लागलेलं जास्तीचं लोणी.

तेव्हापासून सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतात. विभागप्रमुखांनी जर्नल उशिरा दिलं तरी चालेल म्हणून सांगितलं. पहिल्या बाकावरची साक्षी, जिनं वर्षभरात पेन मागण्यापलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं, ती येऊन खांद्यावर हात ठेवते. माझ्या खोलीत झोपायला ये म्हणते, एकटी नको राहूस. बरी आहे मी, असं पल्लवी म्हणते, आणि ते ऐकून साक्षीचेच डोळे भरून येतात. कुणा दुसऱ्याच्या नावानं आलेलं पार्सल चुकून आपल्याला मिळावं, आणि परत कुणाला द्यायचं ते कळू नये, तसं काहीसं. कारण आम्ही मैत्रिणी नव्हतो. भांडलो नाही, रुसलो नाही. दोन कॉट, दोन टेबलं, मधे एक पंखा. ती दिवा कधी मालवू विचारायची, मी मालव म्हणायचे. सुरुवातीला एकदा तिनं घरचा डबा पुढे केला होता, खिम्याच्या नाही, नाचणीच्या वड्या होत्या – तिनंच ते आधी सांगितलं, मी न विचारता. मी एक खाल्ली, छान आहे म्हणाले आणि कानात इअरफोन घातले. एवढंच. कुणी कुणाला काही वाईट बोललं नाही. एका खोलीत राहून इतकं कमी बोलता येतं, ही गोष्ट तेव्हा सोयीची वाटायची.

प्रयोगशाळेत कंडेन्सरमधून पाणी फिरत होतं. फ्लास्कमधलं द्रावण पिवळं व्हायला हवं होतं, ते होत होतं. ॲसिटोनचा गोड वास, बाहेर डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेला ऊस, आणि त्यावर पडलेलं कोरडं, स्वच्छ ऊन. विद्यापीठ माळावर आहे. इथून सगळं लांब दिसतं. फोन थरथरला. रेक्टर मॅडम.

"पल्लवी, सुमैराच्या आई आल्यात, भावाला घेऊन. सामान न्यायला. तू जरा रूमवर येतेस का बाळा? त्यांना तुलाच भेटायचंय."

"मला?"

"हो. सारखं तुझंच नाव घेतायत."

भौतिकशास्त्रात आणखी एक पल्लवी आहे. जिना चढून खोलीपर्यंत पोचेतो तिच्या मनात खरोखरच ती दुसरी पल्लवी होती.

खोलीत एक लहानखुरी बाई सुमैराच्या कॉटवर बसली होती. डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, पायाशी कापडी पिशवी. तिचा एक हात गादीवर पसरलेला होता, ताप बघावा तसा. भावाला वर सोडत नाहीत, तो खाली फाटकाशी टेम्पोजवळ थांबला होता. पल्लवी दारात उभी राहिली. बाई उठली, जवळ आली, आणि काही न विचारता तिनं पल्लवीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तूच न्हवं पल्लवी? मी रशीदा, सुमैराची अम्मी. किती वाळलीस गं. ती म्हनायचीच, पल्लवी माझ्याबिगर जेवाय बसत न्हाई."

हात खरखरीत होते, आणि गरम. पल्लवीला वाटलं आपण मान हलवून 'नाही' म्हणतोय, पण चेहरा धरलेला असल्यामुळे ते कुणाला कळलं नसावं.

"बसा ना, काकू."

बसल्या नाहीत. कपाट उघडून एकेक कपडा काढायला लागल्या, झटकायच्या, घडी मोडून पुन्हा घालायच्या. पल्लवी दुसऱ्या बाजूनं ओढणीची टोकं धरत होती. असं सुमैराबरोबर आपण कधी काही धरलं नाही. तिच्या कपाटात काय काय आहे ते आज कळतंय – एक न वापरलेला स्वेटर, अत्तराची बाटली, मोज्यांचे गोळे…

"तुझ्या दादाचं काय झालं भरतीचं?" रशीदाकाकूंनी मधेच विचारलं. "धावन्यात थोडक्यात गेलं म्हनं. ती लय हळहळली हुती."

पल्लवीच्या हातातलं टोक तसंच राहिलं. दादाचं ती कुणालाच बोलली नव्हती. फक्त आईशी, फोनवर, भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात. मागच्या कॉटवर पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज यायचा. म्हणजे उलटत नव्हती ती पानं. ऐकत होती. ऐकून साठवत होती, आणि शनिवारी घरी गेली की आईला सांगत होती – पल्लवीच्या दादाचं असं झालं, पल्लवीच्या आईचा गुडघा दुखतो… सांगताना तिचा आवाज कसा होत असेल? घरी ती पुष्कळ बोलत असेल का?

"परत देतोय तो. पुढच्या महिन्यात," पल्लवी म्हणाली.

"हुईल त्याचं. मी दुवा मागती."

मग रशीदाकाकूंनी कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यातून स्टीलचा डबा काढला. चकचकीत, झाकणाला एकही चरा नसलेला.

"ह्यो तुझ्या आईचा डबा. गनपतीत ती तुमच्या घरी साताऱ्याला आली हुती, तवा मोदक दिलं हुतं न्हवं त्यांनी, त्याचा. लय दीस ऱ्हाऊन गेला. रिकामा कसा धाडायचा म्हनून ह्यात आमच्या वावरातला तांदूळ घातलाय. डब्यावर नाव न्हाई घातलेलं तुमी. घालून घ्या, न्हाईतर कुटं बी जातंय."

पल्लवीनं डबा घेतला. जड होता. बुडाला दुकानातल्या चिठ्ठीचा चिकटा अजून बोटाला लागत होता.

गणपतीच्या सुट्टीत मेस बंद होती. वसतिगृह जवळजवळ रिकामं झालं होतं, वॉचमन आणि दोन-चार परगावच्या मुली सोडल्या तर कुणी नव्हतं. पल्लवी बॅग भरून निघाली तेव्हा सुमैरा कॉटवर बसली होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. तू कधी जाणार, असं पल्लवीनं विचारलं होतं, बुटाची नाडी बांधता बांधता. उद्या, असं ती म्हणाली होती. म्हणजे ती गेलीच नव्हती, ना पाटणला, ना साताऱ्याला. मग ते सगळे दिवस इथे, ह्या खोलीत… खाली मेसचं शटर बंद, जिन्यात कुणाची चप्पल वाजत नाही, आणि फोनवर ती अम्मीला सांगतेय – आज आरतीला खूप माणसं होती. आज पल्लवीच्या आईनं तळणीचे मोदक केले. काय खात असेल ती? शेवटी कधीतरी ती खाली हायवेच्या फाट्यावर चालत गेली असेल, भांड्यांच्या दुकानातून डबा घेतला असेल, मिठाईवाल्याकडून मोदक.

"जरा कडक हुतं, पन चव लय चांगली," रशीदाकाकू सांगत होत्या. "मीच तिला म्हनलं, घरी नगं येऊस, जा तिच्या घरी. शाळेत, कॉलेजात, कुटंच हिला कुनी मैत्रीन न्हाई, कुनी कवा घरी बोलावलं न्हाई. अबोल लय. मी जीव टाकायची, की पोरगी एकटी एकटी ऱ्हाती. हितं आली आन् पयल्या म्हयन्यातच म्हनाली, अम्मी, पल्लवी म्हनून हाय. तवापासनं मी निवांत झाले बघ."

पंखा फिरत होता. पल्लवीला एवढंच कळत होतं की आता बोलायचं आहे, आणि आपण जे बोलू ते ही बाई टेम्पोतून पाटणपर्यंत आणि तिथून पुढे आयुष्यभर नेणार आहे.

"हो. आली होती," ती म्हणाली. "आईला आवडली ती."

"व्हय? काय म्हनल्या?"

"म्हणाली…" – आणि शब्द आले, कुठूनसे, न अडखळता आले – "म्हणाली, मुलगी गुणाची आहे, पण जेवते फार कमी. आग्रह केला की नुसती हसते."

रशीदाकाकूंच्या तोंडून हसण्यासारखा आवाज आला, आणि मग त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. खांदे हलत राहिले. पल्लवी समोर डबा घेऊन उभी होती. तिला रडू आलं नाही. पण तिला दिसलं – साताऱ्याच्या घरातलं स्वयंपाकघर, खिडकीतून येणारं अजिंक्यताऱ्याकडचं ऊन, आई खोबरं खवतेय, आणि ओट्याला टेकून सुमैरा, केसांना टॉवेल गुंडाळलेली, मोदकाची पारी हातात घेऊन विचारतेय, अशी का? इतकं स्पष्ट की तिच्या नखावरचा जांभळा रंगसुद्धा. वर्षभर एका खोलीत राहून ती इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती.

"चिमनीवानी खायची," रशीदाकाकू डोळे पुसत म्हणाल्या. "खरं हाय त्यांचं."

निघताना त्यांनी आपला जुना फोन पुढे केला. "तुझ्या आईचा नंबर घालून दे. सांच्याला बोलीन म्हनती. घरात कुनी तिचं नाव काढत न्हाई गं… मला वाईट वाटंल म्हनून. तुझ्या आईनं तिला चार दीस बघितलंय, जेवाय घातलंय. त्यांच्याशी बोलायचंय."

पल्लवीनं नंबर घातला. नावाच्या जागी 'पल्लवीची आई' लिहिलं.

खाली शाहनवाज, सुमैराचा मोठा भाऊ, गादीची वळकटी दोरीनं आवळत होता. आईला पुढच्या सीटवर बसवून तो मागं आला, दोरीची गाठ पुन्हा तपासली, आणि पल्लवीकडे न बघता म्हणाला, "ताई, तिच्या फोनमधी सगळं बघितलं मी. तुमचा एक बी फोटो न्हाई."

"आम्ही काढलेच नाहीत," पल्लवी म्हणाली. सुमैराबद्दल आज ती बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

त्यानं गाठ आणखी आवळली. "अम्मी आज पयल्यांदा हसली," म्हणाला. "येतो." टेम्पो फाटकातून बाहेर पडला, उतारावर वळला, आणि उसाआड गेला.

दुपारचं प्रात्यक्षिक पल्लवीनं बुडवलं. ग्रंथालयामागे पाण्याच्या टाकीला लागून पायऱ्या आहेत, तिथं ती जाऊन बसली. डबा खोलीत टेबलावर ठेवून आली होती. लांब कारखान्याची चिमणी धूर सोडत होती, धूर सरळ वर जाऊन मग एकाएकी आडवा होत होता. संध्याकाळच्या आत आईला सांगायला हवं. काय सांगायचं ते तिनं मनात जुळवलं, दोन वाक्यं, फार तर तीन. मग फोन लावला.

"आई, आज तुला एक फोन येईल. सुमैराच्या अम्मीचा."

"कोण सुमैरा?"

मागे कुकरची शिट्टी झाली. खरंच, कोण सुमैरा. आईला हे नावच माहीत नव्हतं. एक खोली, दोन कॉट, इतके महिने – आणि घरी एकदाही तिचं नाव आपल्या तोंडून गेलं नव्हतं. ती असताना नाही, आणि त्या पावभाजीच्या दिवशीही नाही. त्या रात्री फोनवर आपण दादाच्या बुटांबद्दल बोललो होतो.

"माझ्या खोलीतली," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं तर गणपतीत ती आपल्याकडे आली होती असं सांग. चार दिवस. तू तिला मोदक दिलेस."

"अगं, पण मी पाहिलीसुद्धा नाही त्या मुलीला. खोटं कशाला बोलायचं? घरी न सांगता कुठं गेली होती का ती?"

"नाही. कुठेच नव्हती गेली."

"मग?" कुकरखालचा गॅस बारीक केल्याचा आवाज आला. आई बसली असावी. "बरं, सांगेन. पण काय सांगू? दिसायला कशी, स्वभावानं कशी… काहीतरी सांगशील तर खरं."

पल्लवीनं जुळवलेली वाक्यं संपली होती. "माझ्यापेक्षा थोडी उंच आहे," तिनं सुरुवात केली. "केस धुतले की दुपारपर्यंत टॉवेल सोडत नाही. चहात बिस्किट बुडवते आणि विसरते, मग चमच्यानं काढते. पायऱ्या उतरताना भिंतीला एक बोट लावून उतरते…" हे आपल्याला माहीत होतं? कुणी बघून ठेवलं होतं हे? इअरफोन घालून, पाठ करून बसलेल्या कुणी? "डास फार चावायचे तिला. आणि झोपेत बोलायची. मला वाटायचं अभ्यासाचं असेल, मी कधी नीट ऐकलं नाही. पण हळू बोलायची, कुणाला तरी समजावून सांगितल्यासारखी…"

"बोलायची म्हणजे?" आईनं विचारलं. "आता नाही बोलत?"

धूर वर जात होता आणि आडवा होत होता. खूप वेळ अंगाखाली दुमडून राहिलेल्या पायात मुंग्या याव्यात तसं काहीतरी छातीच्या मधोमध सुरू झालं होतं – आधी बारीक, मग सगळीकडे, धड दुखणंही नाही – आणि हललं तर वाढेल म्हणून पल्लवी हलली नाही. मग तिनं फोन ह्या कानावरून त्या कानाला घेतला.

"आई," ती म्हणाली, "तू गॅस बंद करून ये."