उपचार अर्धवट सोडलेल्या बायका

इन्स्पेक्टरबाईंनी डॉक्टरवर गुन्हा नोंदवला आणि त्यांच्या आईने त्यांच्याशी अबोला धरला. डॉक्टर पाठीच्या नि सांध्यांच्या दुखण्यावर व्यायाम द्यायचा. शहरभर त्याचं नाव होतं. आईचे गुडघेही त्यानेच चालते केले होते.

"देवमाणूस आहे तो," आई म्हणाली होती. "आणि ती शिक्षिका कोण कुठली, तिच्यावर विश्वास ठेवतेस?"

तक्रार त्या शिक्षिकेची होती. उपचाराच्या नावाखाली त्याने दार लावून तिच्या अंगाशी जे चाळे केले, ते तिने न अडखळता सांगितले होते. पण साक्षीदार कुणीच नव्हता. वरिष्ठांनी मान हलवली. "तिचा शब्द आणि त्याचा शब्द. कोर्टात टिकायचं नाही."

असा माणूस एकीवर थांबत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. बरे झालेले पेशंट त्याचे गोडवे गायला एका पायावर तयार होते. बाईंनी त्यांचा नाद सोडला आणि उलटं टोक धरलं. पाठ दुखत असूनही मध्येच यायच्या बंद झालेल्या बायका कोण? दवाखान्याच्या नोंदवहीतून नावं काढून, गणवेश न घालता त्या एकेकीच्या दारात जाऊ लागल्या. कुणी दार लावून घेतलं, कुणी "वेळच नव्हता हो" म्हणून विषय टाळला.

त्यांतलीच एक फुलवाली आपल्या दुकानात देठ छाटत उभी होती. प्रश्न ऐकून तिची कात्री थांबली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. सांगावंसं वाटलं तर तुम्हीच सांगा."

तिने कात्री बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही?"

"नाही."

तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाईंना बसायला स्टूल दिलं.

तिच्यानंतर आणखी काहीजणी पुढे आल्या. संगनमताचा आळ यायला नको म्हणून बाईंनी प्रत्येकीचा जबाब वेगळा घेतला, एकीची दुसरीशी गाठ पडू दिली नाही. तरी प्रत्येकीच्या तोंडून तेच वाक्य निघालं. दाराची कडी लावून तो म्हणायचा, "अंग सैल सोडा, नाहीतर गुण येणार नाही." पहिल्यांदा ऐकताना बाईंना संताप आला होता, पुढे मात्र डॉक्टर आता सुटत नाही, अशी खात्री वाटू लागली.

खटला उभा राहिला. फुलवालीच्या साक्षीच्या दिवशी आई कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसली. बचावाच्या वकिलाने आवाज चढवला. "इतकी वर्षं गप्प का होतात?"

"साहेब, पाठ दुखते एवढंच सांगायला गेले होते, तर हे असं झालं," फुलवाली म्हणाली. "मग हे सांगायला कुणाकडे जाणार होते?"

संध्याकाळी आईने आपणहून ताट वाढलं. "माझ्याशी नीट वागला, म्हणून सगळ्यांशी तसाच वागत असेल असं धरून चालले मी," ती म्हणाली. "त्या शिक्षिकेबद्दल मी शेजारीपाजारी नको नको ते बोलले. तिची माफी मागायचीय."

"माग की. खटला संपू दे, मी घेऊन जाते तुला," बाई म्हणाल्या. त्या रात्री दोघी कितीतरी दिवसांनी गप्पा मारत जेवल्या.

निकाल लागला. सगळ्या तक्रारींत डॉक्टर दोषी ठरला आणि दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याला घेऊन शिपाई निघून गेले. बाहेर व्हरांड्यात त्या सगळ्याजणी पहिल्यांदाच एकमेकींसमोर आल्या. फुलवालीने शिक्षिकेला विचारलं, "पाठ कशी आहे हो तुमची?"

"दुखतेय की अजून!"

"माझीपण!"

दोघींना असं काही हसू फुटलं की बाकीच्याही हसत सुटल्या. एकीने आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. सगळ्यांनी मिळूनच जायचं ठरलं. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन टेबलं जोडून चहा मागवला गेला. फुलवालीने इन्स्पेक्टरबाईंनाही हाताला धरून बसवलं. बाईंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि चहाबरोबर काय मिळतं ते विचारलं.