मोजे पायात, टाके पोटावर

मोजा टाचेपर्यंत चढला, पण बोटं काही बाहेर येईनात. दिपमालाला वाकायची बंदी होती, म्हणून पलंगावर पाय दुमडून, दात-ओठ खात तिने पुन्हा ओढून पाहिलं. मग नीट बघितलं तर काय, मोज्याच्या टोकाला मुद्दाम ठेवलेलं भोक कोणीतरी काळ्या दोऱ्याने शिवून टाकलं होतं. टाके बारीक, एकसारखे आणि गोधडीला घालतात तसे पक्के.

"अक्का, हाई कोनी शिवं?"

"मी," स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला. "नवा मोजा नि पहिलेच फाटेल! डॉक्टरनी फसाडं तुले."

आठ दिवसांतलं कमलबाईंचं सुनेशी हे पहिलं बोलणं. दिपमालाला हसू आलं, पण हसलं की पोटावरचे टाके ओढले जात, म्हणून तिने ते गिळलं. अबोला धरायचा आणि मोजा मात्र शिवून ठेवायचा, ही बाई म्हणजे अजबच होती.

अबोल्याचं कारण पोट होतं. दिपमाला धरणगाव-जळगाव गाडीवर कंडक्टर. नवरा समाधान नऊ वर्षांपूर्वी गेला, त्याच्या जागेवर ती लागली, आणि जुळ्या मुलांना शिकवून तिने कामाला लावलं. त्या जुळ्यांच्या बाळंतपणात पोटाची कातडी जी सुटली, ती वीस वर्षं तशीच लोंबत होती. चालून झालं, उपास करून झाले, कातडी कशाला दाद देते! खाकी सदऱ्यावरून तिकिटाचं मशीन त्या पोटावर टेकायचं.

दिवाळीनंतर एकदा भरल्या गाडीत एक अनोळखी म्हातारी उठून उभी राहिली. "बस माय आठे. अशी उभी नको ऱ्हाऊ. कितवा महिना शे?"

निम्मी गाडी धरणगावची, आणि कंडक्टरबाईंचा नवरा कधी गेला हे सगळ्यांना ठाऊक. "मावशी, तिकीट कोठलं देऊ ते सांग," म्हणून दिपमालाने वेळ मारून नेली. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती जळगावला प्लास्टिक सर्जनसमोर बसली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते ऐकून कमलबाईंनी एकच प्रश्न केला होता. "कोनासाठे?"

"मनासाठे," दिपमाला म्हणाली होती. तिकडच्या बोलीत याचा अर्थ 'माझ्यासाठी'. साध्या मराठीत धरला तरी तिला तो चालला असता. कमलबाईंनी त्यानंतर तोंड मिटलं ते मिटलंच.

गल्लीत मात्र ते तोंड बंद नव्हतं. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट पांढरे मोजे दिले होते. कमलबाईंना ते आयतेच सापडले. "पायन्या नसास्नं ऑपरेशन शे," असं त्यांनी घरोघर सांगून टाकलं. दिपमालाला हे मुळीच आवडलं नव्हतं. आपण चोरी केलेली नाही, मग लपवायचं कशाला?

तेवढ्यात दारातून बेबाबाई आत आली. शेजारीण, आणि आजाऱ्याला भेटायला गल्लीत सगळ्यात हौशी. कमलबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. बेबाबाईने पलंगावर बसून थेट पोटरीच दाबली.

"आठे दुखस?"

"नही."

"आठे?"

"नही, काकू."

"व माय! मंग कापं कोठे?" तिने दोन्ही मोजे न्याहाळले, मग गाऊनवरून तिची नजर पोटापाशी येऊन थांबली. आवाज खाली आला. "बुरं नको मानू, पन तुनं पोट कोठे गयं? गल्लीमा बाया म्हनतस, कंडक्टरीन जयगावले जाईसनी पोट पाडी उनी."

दिपमालाचं अंग संतापाने तापलं. नऊ वर्षं पहाटेच्या गाड्या मारून राखलेलं नाव असं ओट्यावरच्या गप्पांत निघावं! तिने पोटाच्या पट्ट्यावर हात ठेवला, बसल्या जागी होईल तेवढी ताठ झाली आणि सासूकडे पाहिलं.

"अक्का, तुमी सांगतस का मी सांगू?"

नसांची गोष्ट कमलबाईंनी सुनेची अब्रू झाकायला रचली, आणि त्या गोष्टीनेच घात केला होता. त्या भिंतीला टेकल्या, मग सरळ झाल्या.

"बेबा, मनाकडे देख. नसा-बिसा काही नही, मी खोटं बोलनू. पोटनंच ऑपरेशन शे. मना समाधानना दोन्ही पोरे त्या पोटमा वाढनात. कातडी लोंबी गयथी, ती तिनी काढी लिधी. सोताना कमाईवर."

"पन या वयमा? कोनासाठे?"

"तिनासाठे," कमलबाई म्हणाल्या. "आखो कोनासाठे पाहिजे? बठ्ठी गल्लीले सांग, कमलबाईनी सांगं म्हनीसन."

बेबाबाईने चहासाठीही वाट पाहिली नाही.

कमलबाईंनी आत जाऊन भाजी उतरवली, बारीक कात्री आणली आणि पलंगाशेजारी खाली बसकण मारली.

"हाई भोक कसाले ऱ्हास?"

"बोटे देखाले. निळी पडनी तर मोजा काढना पडस."

"मंग पहिलेच सांगतीस ना."

"तुमी बोलेत तव्हय सांगतू."

कमलबाईंनी एकेक टाका अलगद उसवला, कापडाला कात्री लागू न देता. मोजा पायावरून सरळ केला, तळव्याने सुरकुती काढली आणि सुनेचं पाऊल मांडीवर घेतलं. चष्मा नाकावर सरकवून त्या एकेक बोट दाबून बघू लागल्या. दाबलं की बोट पांढरं पडे, सोडलं की रंग परत येई.

अंगठ्याशेजारच्या बोटावर त्यांचा हात थांबला. तिथे जोडव्याची खाच अजून होती. नऊ वर्षांत ती भरून आली नव्हती. कमलबाईंनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

"गुलाबी शे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.