अंबुबाईंनी चारलेले शेंगदाणे

मित्रांनो, मी प्रयोगातून बाद झालेली एक जुनी पांढरी उंदरीण आहे. वय विचाराल तर दोन वर्षं. हसू नका, आमच्यात याला म्हातारपण म्हणतात.

माझा जन्म बेळगावातल्या एका कॉलेजच्या प्राणिशाळेत झाला. बाहेरचं जग मी पाहिलेलं नाही. पण स्वच्छ पिंजरा, ताजं पाणी, अंगाखाली भाताचं कोरडं तूस आणि अंबुबाईंचा हात, एवढं मला लाभलं. अंबुबाई रोज कंग्राळीहून येत, पिंजरे धूत आणि आमच्याशी गप्पा मारत. उंदराशी कोण बोलतं? त्या बोलत.

मी मोठी झाल्यावर आम्हा वीस उंदरिणींचे दोन गट झाले. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होतात, ती तंबाखूमुळेच का, हे कॉलेजात संशोधन करणाऱ्या कल्याणी मॅडमना शोधायचं होतं. म्हणून आम्ही पोटुशी असताना दहा जणींना रोज साधं पाणी पाजलं जाई आणि दहा जणींना तंबाखूचा अर्क. मी तंबाखूवाली. खरं सांगते, तो अर्क वाईट होता. डोकं गरगरायचं, अन्नावरची वासना उडायची. मॅडमचा हात मात्र हलका होता, हे मान्य करते.

आमची ती दशा अंबुबाईंना बघवेना. गरोदर बाईला चार घास जास्त खाऊ घालायचे, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी घरून शेंगदाणे आणि गूळ आणला आणि मॅडमची पाठ वळली की आम्हा दहा जणींना चारायला सुरुवात केली.

"खावा गं बायांनो, दोन जिवाच्या हाईसा," त्या म्हणायच्या.

आम्ही कशाला नको म्हणतोय! कणही उरू दिला नाही.

पिल्लं झाली. मॅडमनी एकेकाचं वजन केलं. आमची पिल्लं पाणीवाल्यांच्या पिल्लांइतकीच भरली. मी आई, मला अभिमानच वाटला. मॅडम मात्र कोड्यात पडल्या.

"तंबाखूनं वजनात काहीच फरक पडत नाही असं दिसतंय, अंबुबाई. आता तसंच लिहावं लागेल."

अंबुबाईंच्या हातातला ब्रश थांबला. त्यांची लेक दिपाली निपाणीच्या एका वखारीतच कामाला होती आणि तिला तिसरा महिना लागला होता. खरं सांगावं तर आपली नोकरी जाणार. गप्प बसावं तर त्या कागदावर विसंबून दिपालीसारख्या कितीतरी जणी कामावर जात राहणार.

"मॅडम, तसं लिवू नगासा," त्या कशाबशा म्हणाल्या. "ह्यास्नी शेंगदाणं-गूळ मी चारलाय. लई कीव आली म्हणून. कामावरनं काढा पायजे तर, पर तसं लिवू नगासा."

मॅडमनी वजनांची वही मिटली. मग म्हणाल्या, "दीड महिना वाया गेला, अंबुबाई. पण तुम्ही बोलला नसता तर मी खोटं छापलं असतं. तुम्हाला काढत नाही. मात्र आता सगळं पहिल्यापासून करायचं."

पहिल्यापासून म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. वीस नव्या उंदरिणी आल्या. त्यातल्या निम्म्या तंबाखू पिऊन मलूल होत. अंबुबाई डोळे पुसत त्यांचे पिंजरे धुवायच्या, पण त्यांनी हात आवरला. या वेळी तंबाखूवाल्यांची पिल्लं खरोखरच कमी भरली. अंबुबाईंनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"दिपाली, उद्यापासनं वखारीत पाऊल टाकायचं न्हाय. व्हय गं, मॅडमनी मोजून बघितलंय."

प्रयोग पुरा झाला की त्यातल्या उंदरिणींना ठेवत नाहीत. आमचा गट बाद झाला म्हणून मी वाचले. उंदीर न दुखवता कसा धरावा, हे नव्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मला ठेवून घेतलं. इथल्या माणसांनी मला जपलं, त्यांची मी ऋणी आहे. अंबुबाईंची तर जन्माची.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या प्रयोगशाळेत जातील. आमच्यावर माया करा, भरपूर करा, पण लपवून करू नका. जे विचारायचं ते आम्हाला एकदाच विचारा आणि मिळालेलं उत्तर नीट जपा. शेंगदाणे आड आले नसते तर त्या वीस जणींनी दिलेलं उत्तर आम्ही पहिल्या वेळीच दिलं असतं. आज त्यांच्यातली एकही उरलेली नाही.