लट्टूतली कडी

पालेर्मोच्या बागेत गुलाबांचे ताटवे होते, तळं होतं, तळ्यात होड्या होत्या. पण अन्सेल्मोला विचाराल तर बघण्यासारखं एकच होतं, त्याचं लाकडी घोड्यांचं चक्र. होड्यांचं नाव काढलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. होड्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी? खुपायचा तो होडीवाला ओरासियो. साठी उलटली तरी केस चापूनचोपून हिंडणारा गडी.

दर रविवारी एल्विराबाई नातवाला, बाउतीला, घेऊन यायच्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. घोडे फिरू लागले की अन्सेल्मो पेरूएवढा लाकडी लट्टू पोरांपुढे नाचवायचा. त्यात खोचलेली कडी जो उपसेल त्याला पुढची फेरी फुकट. बाउतीला ती मिळायचीच, कारण त्याच्यापुढे अन्सेल्मो हात ढिला सोडायचा. तेवढीच एक फेरी एल्विराबाई समोरच्या बाकावर जास्त बसायच्या. बाकीच्या आया कुरकुरायच्या. कुरकुरेनात का.

या रविवारी त्या निळा रुमाल बांधून आल्या, काखेत कडू चहाचा थर्मास. वाटेत तळ्यापाशी थांबून ओरासियोशी हसून बोलल्यासुद्धा. अन्सेल्मोने ते चक्रापासून पाहिलं.

"रुमाल कुणासाठी, ते कळतं हो आम्हाला," तो लाकडी घोड्यालाच म्हणाला.

चक्र सुरू झालं. बाउतीने हात लांबवला, अन्सेल्मोने लट्टू वर उचलला. दुसऱ्यांदा बाजूला घेतला. तिसऱ्यांदा पोराची बोटं कडीला लागली, तशी याने मूठच आवळली. कडी एका चष्मेवाल्या मुलीने नेली.

बाउती मुसमुसत उतरला.

"आज हात फार घट्ट होता तुमचा," एल्विराबाई म्हणाल्या.

"नशीब एकेकाचं. होड्या आहेत की. तिकडे ओळखही आहे तुमची."

"ओळख कसली? यानं होडीचा हट्ट धरला, म्हणून विचारून आले, मोकळी आहे का. याला म्हटलं, कडी मिळाली तर आजी आज इथंच थांबणार, अन्सेल्मोंना चहा पाजणार. नाही मिळाली तर होडी." त्यांनी थर्मास उचलला. "शब्द दिलाय पोराला. दर रविवारी मिळते, म्हणूनच दिला होता."

तळ्यावर ओरासियोने हात पुढे करून त्यांना होडीत घेतलं. इकडे चष्मेवाली मुलगी फुकटच्या फेरीसाठी घोड्यावर चढून बसली होती. ती फेरी संपेपर्यंत अन्सेल्मोला जागचं हलता येणार नव्हतं.